मोठं माणूस

त्या साली पाऊस लांबला आणि मेंढ्या गुडघ्यांवर चरायला लागल्या. पुढचे दोन्ही पाय दुमडायचे, गुडघे चिखलात रोवायचे, मान पुढं काढून गवत ओरबाडायचं आणि मग तशाच गुडघ्यांनी थोडं पुढं सरकायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अख्खा कळप काहीतरी हरवलेलं शोधतोय. जवळ गेलं की वास यायचा. खुरांच्या बेचक्यात सड धरली की जो वास सुटतो, तो एकदा नाकात बसला की जेवतानाही जात नाही.

बारक्याच्या नाकात तो कायमचाच होता. मेंढ्यांचे खूर काढणं, म्हणजे खुराचं वाढलेलं, सडलेलं कवच कापणं, हा त्याचा धंदा. मूळचा बापाचा, पण बापाची कंबर गेली, आणि मागोमाग डोक्यातलंही थोडं थोडं निसटायला लागलं, तेव्हापासून त्याचा. बारक्या म्हणजे नावाप्रमाणंच होता. खांदे अरुंद, गाल गुळगुळीत, हनुवटीवर मोजून दाखवावेत एवढे केस. लग्न होऊन वर्षं लोटली होती, पोरगी तुरुतुरु बोलायला लागली होती. पण बाजारात नवखा माणूस भेटला की तो बारक्यालाच "ए पोरा, जरा हात लाव" म्हणून पोतं उचलायला बोलवायचा. तोही लावायचा. नाही म्हणून उगाच कुठं वाद घाला.

काकूंच्या मेंढवाड्यावर काम चालू होतं, तेव्हा त्याची सुरी मोडली. काकू म्हणजे त्या भागातल्या सगळ्यात मोठ्या कळपाच्या मालकीण. नवरा गेल्यापासून सगळं एकटीच बघायच्या. बारक्यानं एडक्याला ढुंगणावर बसवून त्याची पाठ आपल्या नडग्यांना टेकवली होती. सडलेल्या खुराचं कवच निम्मं उघडलं होतं. एडक्यानं एकच हिसका दिला आणि घासून घासून कागदासारखं झालेलं पातं कट्‌कन तुटलं. टोकाचा वळलेला भाग खुरातच राहिला. तो बोटांनी उपसून काढेपर्यंत बारक्याच्या अंगठ्याचं रक्त आणि एडक्याचं रक्त एक झालं.

"मोडली?" काकूंनी विचारलं.

"मोडली."

"दुसरी?"

"आणतो उद्या."

काकूंनी वाड्यात नजर फिरवली. एका कोपऱ्यात एक मेंढी तीन पायांवर उभी होती, चौथा अधांतरी धरून. "मी दोन-तीन दिवस थांबते, बारक्या. नदीपलीकडची माणसं येऊन विचारून गेलीत. त्यांच्याकडं यंत्र आहे, मेंढी उलटी करायचं. मला यंत्राची हौस नाही. पण जनावरं उभी सडायला लागली तर मी तुझं तोंड बघत बसणार नाही."

नदीपलीकडचे एकदा आत शिरले की वर्षाचं काम त्यांचंच झालं, हे दोघांनाही माहीत होतं.

बाजाराच्या गावात अवजारांचं दुकान एकच. पूर्वी तिथं सुऱ्या, कात्र्या, कोयते खिळ्यांना लटकवलेले असायचे. हात वर करायचा आणि काढून घ्यायचं. आता ते सगळं गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप होतं. शेजारी पाटी होती: अठरा वर्षांखालच्यांना धारदार वस्तू मिळणार नाहीत, वयाचा पुरावा दाखवावा. बारक्यानं ती वाचली. चांगलं केलं, असंही त्याला वाटलं.

गल्ल्यावर दुकानदाराची भाची होती. नवीनच बसायला लागलेली.

"खुराची सुरी द्या ताई. टोकाला वळलेली."

मुलीनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वय काय तुझं?"

बारक्यानं मागं वळून पाहिलं. मागं एक माणूस खिळे निवडत होता, त्याचं डोकं पांढरं होतं.

"तुलाच विचारतेय."

"माझं? सव्वीस. म्हणजे… सत्तावीस लागलं असेल आता."

"असेल म्हणजे?"

"आमच्यात कुणी मोजत बसत नाही, ताई."

तो हे खरं बोलला, आणि तिथंच फसला. मुलीनं किल्ली मुठीत धरली. "पुरावा?"

"मला पोरगी आहे. तीन वर्षांची."

"सोबत आहे?"

"नाही. घरी आहे."

"असती तरी काय. धाकटी बहीण आणलीय म्हटलं असतं मी."

बारक्यानं दोन्ही हात काचेवर ठेवले. तळव्यांना घट्टे, बोटांवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा, अंगठ्याला कालची चिंधी. "हे बघा."

तिनं नीट पाहिले. बघायचं म्हणून नाही, खरंच पाहिले. मग म्हणाली, "शेतावरच्या पोरांचे हात असेच असतात."

खिळेवाला हसला. "दे गं त्याला. मिशी फुटायची वाट बघशील तर मेंढ्या म्हाताऱ्या होतील."

"तुम्ही घेता का काका, तुमच्या जबाबदारीवर?"

"मी कशाला?" खिळेवाला लगेच खिळ्यांत शिरला.

मुलगी पुढं वाकली. आवाज खाली आला. "खरं सांग. तुला त्यांनीच पाठवलंय ना?"

"कुणी?"

"तपासणीवाल्यांनी. मागं एक असाच आला होता. तुझ्याएवढाच. बायको आजारी आहे म्हणाला, तिचं नाव सांगितलं. मला दया आली, मी कात्री दिली. साहेब बाहेर उभेच. दुकान आठ दिवस बंद ठेवावं लागलं, मामा अजून माझ्याशी धड बोलत नाही."

"मग तो खरंच लहान होता?"

"सोळाचा."

"आणि मी?" बारक्यानं विचारलं. वाद म्हणून नव्हे. तिनं इतक्या जणांना निरखलं असेल, तर तिला कळत असेल असं क्षणभर त्याला वाटून गेलं.

"मला काय माहीत!" मुलगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "कार्ड घेऊन ये. नाहीतर घरचं मोठं माणूस आण. माझ्यावर नको आणूस बाबा."

कार्ड पेटीत होतं. त्या पावसात छपरानं बरोबर पेटीवरच गळायचं ठरवलं होतं. बायकोनं कपडे बाजूला करून ते बाहेर काढलं, पदरानं टिपलं आणि त्याच्या हातात दिलं. फोटोच्या जागी नुसता ढग उरला होता. जन्माच्या सालाची शाई खाली ओघळून पत्त्यात मिसळली होती. बारक्यानं ते उजेडात धरलं, तिरकं धरलं. नाक होतं कदाचित. किंवा डागही असेल.

"नवं काढायचं म्हणजे महिना," बायको म्हणाली. "मी जाते उद्या. मला कोण विचारणार आहे?"

"तू नको."

"का?"

"माझी सुरी तू आणणार?"

"तुमचा सदराही मीच आणते."

"सदऱ्याची गोष्ट वेगळी."

कशी वेगळी, ते त्याला सांगता येईना. ती चुलीकडं वळली. पोरीनं कार्ड उचलून त्यावर फुंकर मारायला सुरुवात केली.

"कुणाची सुरी?" खाटेवरून म्हाताऱ्यानं विचारलं.

म्हाताऱ्याचे काही दिवस चांगले जायचे आणि काही नाही. चांगल्या दिवशी तो पोरीला गोष्टी सांगायचा, मीठ जास्त झालंय म्हणायचा. वाईट दिवशी दारात उभा राहून, आपल्याला घरी जायचंय म्हणायचा. तो दिवस चांगला होता. बारक्यानं सगळं सांगितलं. म्हातारा मन लावून ऐकत होता.

"घरचं मोठं माणूस म्हणाली ना? मग मी काय मेलोय?"

सकाळी बारक्यानं बापाची दाढी केली, त्याला धुतलेला सदरा घातला. दुधाच्या गाडीतून दोघं निघाले. वाटेत म्हातारा अगदी ताळ्यावर होता. हा वाडा कुणाचा, त्याच्याकडं काळी मेंढी होती, तिनं मला लाथ मारली होती, इथं बघ, म्हणून त्यानं कपाळ दाखवलं. सड कुठवर गेलीय हे वासावरून कसं ओळखायचं, तेही सांगितलं. बारक्याला ते पाठ होतं, तरी त्यानं ऐकलं. कितीतरी दिवसांनी बाप कामाचं बोलत होता.

दुकानात मुलीनं म्हाताऱ्याला स्टूल दिलं. "बसा आजोबा." तिला हायसं वाटलेलं दिसत होतं. ती बारक्याकडं बघून थोडं हसलीही. कपाट उघडलं, सुऱ्या काचेवर मांडल्या. म्हाताऱ्यानं एकेक उचलली, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली, मूठ दाबली. पहिली ठेवून दिली. दुसरीचं वळण त्याला पसंत पडेना. तिसरी हातात घेतली आणि त्याचा हातच जरा सरळ झाल्यासारखा वाटला.

"ही."

"छान. कुणासाठी, आजोबा?" मुलगी कागद फाडता फाडता म्हणाली. विचारायचं म्हणून विचारलं तिनं.

"पोरासाठी." म्हाताऱ्यानं बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चौदावं सरेल आता. हात लवकर बसलेला बरा."

"बाबा!"

"काय बाबा? मी बाराव्या वर्षी धरली होती."

मुलीचा हात कागदावर थांबला. तिनं बारक्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. आपण कशातून वाचलो, एवढंच होतं. तिनं सुरी हळूच स्वतःकडं ओढून घेतली.

"ताई, त्यांना आठवत नाही," बारक्या म्हणाला. "त्यांचं डोकं…"

"काय झालं माझ्या डोक्याला?" म्हातारा ताडकन म्हणाला. त्याचा आवाज इतका खणखणीत होता की दुकानातल्या सगळ्यांनी बारक्याकडंच पाहिलं. आजारी बापाचं निमित्त करणारं पोरगं, अशा नजरेनं.

"आजोबा, नाही देता येणार."

"का? मी मोठा नाही?"

"तुम्ही आहात. पण लहान मुलासाठी घेताय. तेही चालत नाही."

म्हातारा विचारात पडला. "मग लहान मुलाला सुरी कोण घेऊन देणार? दुसरं लहान मूल?"

मुलीनं कपाटाला कुलूप लावलं आणि ओढून बघितलं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. "तू काही वेडंवाकडं बोललास का तिला?" म्हाताऱ्यानं विचारलं. बारक्या नाही म्हणाला. "मग का दिली नाही?" बारक्यानं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? मी मोठा झालोय, हे बापाला सांगायचं म्हणजे मधली सगळी वर्षं सांगायची. आई गेली, तेही त्यात आलं.

रस्ता ओलांडताना म्हाताऱ्यानं त्याचं मनगट घट्ट धरलं. बारक्यानं सोडवून घेतलं नाही. मध्येच एक ट्रक भरधाव आला तेव्हा त्यानंच बापाला मागं खेचलं. "बघून चालत जा," म्हातारा त्याच्यावर ओरडला.

दुसऱ्या दिवशी बायको पहिल्या गाडीनं गेली आणि ऊन वर यायच्या आत परत आली. तिनं कागदाची गुंडाळी त्याच्यापुढं ठेवली.

"काय विचारलं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"'मावशी, दोरी बांधून देऊ का,' म्हणाली."

बारक्यानं कागद सोडवला. मग थांबला. "मावशी?"

"मावशी." बायको त्याच्याहून तीन वर्षांनी लहान होती. ती भिंतीवरच्या आरशापुढं उभी राहिली, कपाळावरचे केस मागं सारले, पुन्हा पुढं घेतले. "ती मुलगी असेल किती वर्षांची? विशीची? मी तिची मावशी दिसते?"

बारक्याला हसू येत होतं. पण आरशातला तिचा चेहरा बघून ते जिरलं. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. दोघांपैकी कुणी कुणाची समजूत काढायची, हेच कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "सुरी चांगली आणलीस." ती म्हणाली, "जा आता. काकू वाट बघत असतील."

पण म्हातारा उठून बसला होता. त्यानं सुरी घेतली, नखावर टेकवली आणि सरळ आपल्या कमरेला खोचली. "चल. तू मेंढ्या धर."

"बाबा, तुम्ही राहा घरी. चिखल आहे."

"एवढ्याशा पोराच्या हातात नवी सुरी देऊन मी घरी बसू?"

सुरी मागून घ्यायची म्हणजे ओढून घ्यावी लागली असती. बारक्यानं बायकोकडं पाहिलं. तिनं दोघांचा डबा एकात बांधला.

काकूंनी बाप पुढं आणि लेक मागं असे येताना पाहिले. "आज बाबा?" त्यांनी बारक्याला विचारलं.

"असू द्या."

म्हाताऱ्याला बसायला पेटी दिली. बारक्यानं पहिली मेंढी आणली, पुढच्या पायांखाली हात घालून उलटली, ढुंगणावर बसवली, पाठ नडग्यांना टेकवली. म्हाताऱ्यानं खूर हातात घेतला. चिखल खरवडला, कवचाची कड उचलली आणि पात्याचं वळण आत सरकवलं. सफरचंदाचं साल निघावं तसं सडकं कवच एका पट्टीत सुटून आलं. आतला पांढरा भाग उघडा पडला, तिथं तो थांबला. बारक्याला कधीच तिथं नेमकं थांबता यायचं नाही. तो केसभर अलीकडं तरी थांबायचा, नाहीतर पलीकडं तरी. मेंढीनं अंग झोकून दिलं होतं. बारक्याला लहानपणीचे पावसाळे आठवले. असंच धरून उभं राहायचं आणि वरून बापाची टाळू बघत राहायचं. तेव्हा त्यावर केस होते.

काकूही काम टाकून बघत राहिल्या. एक झाली, दुसरी झाली, आणखीही झाल्या. बारक्या प्रत्येकीला मोरचुदाच्या निळ्या पाण्यात उभी करून सोडत होता. उद्या बापाला घरी कसं थांबवायचं, हा विचारही तो विसरला.

मग एका मेंढीच्या वेळी म्हाताऱ्याचा हात मध्येच थांबला. त्यानं खुराकडं पाहिलं, मेंढीच्या तोंडाकडं पाहिलं, वर आभाळाकडं पाहिलं. आणि सुरी घातली ती धडधाकट पायाच्या खुरात, खोलवर. मेंढी उसळली. बारक्याच्या छातीवर लाथ बसली. रक्ताची धार म्हाताऱ्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर आली.

म्हातारा रक्ताकडं बघत राहिला. मग हातातल्या सुरीकडं. ती त्यानं झटकन खाली टाकली.

"कुणी केलं हे?"

मेंढी धापा टाकत होती. म्हाताऱ्यानं काकूंकडं पाहिलं, मग हाताकडं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला लागलं.

"माझ्याकडून झालं, बाबा," बारक्या म्हणाला.

म्हाताऱ्यानं उठून त्याच्या मुस्कटात मारली. म्हातारा हात, पण घट्ट्यांचा. "सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून? जनावराचा पाय आहे तो!"

"चुकलं."

काकूंच्या तोंडून शब्द निघत होता. बारक्यानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं आणि त्यांनी तो गिळला. "या बाबा, चहा घ्या," त्या म्हणाल्या. त्यांना हाताला धरून छपराखाली घेऊन गेल्या. जाता जाता म्हातारा सांगत होता, पोरगं वाईट नाही, उतावीळ आहे.

बारक्यानं जखमेवर चिंधी दाबून बांधली. सुरी धुतली. मग खाली बसून पुढची मेंढी स्वतःच ओढली, स्वतःच उलटली. गाल जळत होता. राग यावा असं त्याला वाटत होतं, पण यायचा तर नेमका कुणाचा, ते ठरेना. म्हणून त्यानं खुरात डोकं घातलं. कड उचलायची, वळण सरकवायचं, पांढरं दिसलं की थांबायचं. पहिल्यांदा अलीकडंच थांबला. दुसऱ्या पायाला जरा बरं जमलं. काकू येऊन उभ्या राहिल्या, दोन मेंढ्या होईपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "नदीपलीकडच्यांना नको म्हणून कळवते." तेव्हाही त्यानं मान वर केली नाही.

चहा संपवून म्हातारा परत आला. पेटीवर बसला. हात गुडघ्यांवर ठेवून तो काम बघत राहिला. एक अख्खी पट्टी न तुटता निघाली तेव्हा त्यानं घसा खाकरला.

"तुमचा हात चांगला आहे हो."

बारक्याची सुरी थांबली. बापानं त्याला कधीही तुम्ही म्हटलं नव्हतं.

"माझा एक मुलगा आहे," म्हातारा अदबीनं म्हणाला. "अंगानं जरा किरकोळ आहे, पण कामाला कंटाळणारा नाही. माझ्याच्यानं आता शिकवणं होत नाही. आज मारलं मी त्याला. तुमच्या हाताखाली घ्याल का?"

बारक्यानं पातं मांडीवर पुसलं. एका बाजूनं पुसलं, दुसऱ्या बाजूनं पुसलं.

"पाठवा," तो म्हणाला.

"मारणार नाही ना?"

"नाही."

"मग झालं." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं वाड्यात इकडंतिकडं पाहिलं, फाटकाकडं पाहिलं, मेंढ्यांच्या मागं वाकून पाहिलं. "आत्ता इथंच होता. कुठं गेला कोण जाणे."

"येईल," बारक्या म्हणाला. पुढची मेंढी जोरात ओढ घेत होती. "तोवर हिला जरा धरता का?"

"धरतो की," म्हणत म्हातारा उठला, अस्तन्या वर केल्या आणि मेंढीच्या मागं जाऊन उभा राहिला.